एका सतरा अंकी संख्येचे परीक्षण

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या बहुतेक शिक्षकांनी पाहिलेली असते. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले, तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) एक, दश, शत येथपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांपैकी सतरावे स्थान ‘मध्य’. आपली संख्या तेथवर पोचते आणि परार्धाला एक पायरी कमी पडते. १११११११११ ला त्याच संख्येने गुणले, की ती मिळते.

पुस्तकांची आणि नाटकांची परीक्षणे होतात, मग संख्येचे का होऊ नये? या संख्येचे तर व्हायलाच हवे, कारण तिची स्तुती फार झाली आहे. गंगापूर तालुक्यातल्या एका शाळेत गणिताच्या कोपऱ्यात टांगलेला तक्ता आम्ही पाहिला. १ × १ = १, ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१ असे करीत नवव्या ओळीवर तो मनोरा पूर्ण होतो, आणि वर रंगीत अक्षरांत लिहिलेले असते, ‘गणिताचा चमत्कार’. असे तक्ते महाराष्ट्रभर आहेत. अक्षर सुबक, हिशेब बरोबर. आमची तक्रार एकच आहे, की तो नवव्या ओळीवर थांबतो. दहावी ओळ का नाही, हा प्रश्न तेथल्या नववीतल्या एका मुलीने विचारला आणि तिला उत्तर मिळाले, की कागद संपला. उत्तर गमतीचे होते, पण प्रश्न गमतीचा नव्हता. त्याच्याकडे आपण येऊच.

या घराण्यातल्या संख्यांना नाव दिले ते एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) जन्मले डहाणूला, शिकले ठाण्याला व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी शिकवले. गंगापूर तालुक्यातल्या लासूर स्टेशनावरून मनमाडमार्गे गेले तर देवळाली काही फार लांब नाही. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेच्या एका स्थानकात त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून स्थानकाच्या नावावरून त्यांनी या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रा. के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनी डेम्लो संख्यांचा सिद्धांत प्रसिद्ध केला. पुढे ६१७४ या संख्येने त्यांचे नाव जगभर नेले, आणि मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले. तोवर आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांना गंभीरपणे घेतले नव्हते.

घेतले नाही याला एक तात्त्विक कारणही होते, आणि ते टाकाऊ नाही. रामानुजनांना केंब्रिजला नेणारे गॉडफ्रे हार्डी यांनी १९४० मध्ये ‘ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दोन उदाहरणे दिली आहेत. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच अशा, की त्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत : ८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९. दुसरे उदाहरण १५३ सारख्या संख्यांचे, ज्या स्वतःच्या अंकांच्या घनांची बेरीज असतात. हार्डींचे म्हणणे असे, की हे कोड्यांच्या सदरात शोभेल, पण गणितज्ञाला त्यात घेण्यासारखे काही नाही. त्यातून पुढे काहीच निघत नाही. अंक हा संख्येचा पोशाख आहे. आपल्या हाताला दहा बोटे म्हणून आपण दहाच्या पद्धतीत लिहितो. आठ बोटे असती, तर १११११११११ हीच संख्या आपण ६४७६६५७०७ अशी लिहिली असती, आणि तिच्याकडे कोणी वळून पाहिले नसते.

हा आक्षेप खरा धरून आपली सतरा अंकी संख्या तपासू या. तिच्या कोणत्या गुणाला पोशाख म्हणायचे आणि कोणत्या गुणाला अंग?

गुणाकार फळ्यावर उभा मांडा. नऊ एके असलेली ओळ, तिच्याखाली तीच ओळ एक घर डावीकडे सरकवून, अशा नऊ ओळी. आता स्तंभ मोजा. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एक १ आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे वाढत मधल्या स्तंभात नऊ, आणि तेथून उतरत पुन्हा एक. कोठेही बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही, म्हणून स्तंभांची मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते. चमत्कार तो एवढाच. आता आठाच्या पद्धतीत जाऊ. तेथे अंक ० ते ७ आणि ‘१०’ म्हणजे आठ. सात एके घेऊन तीच मांडणी केली, तर मधला स्तंभ सात येतो, हातचा येत नाही, आणि उत्तर १२३४५६७६५४३२१ असे मनोऱ्यासारखेच उभे राहते. विद्यार्थी आठवीत (क्ष + १) चा वर्ग क्षचा वर्ग + २क्ष + १ असे पाठ करतात. त्यात क्षच्या जागी दहा घातले की १२१ मिळते आणि आठ घातले तरी आठाच्या लिपीत १२१ च मिळते. मनोरा हा असा बैजिक सूत्राचा अवतार आहे. पायाभूत संख्या कोणतीही घ्या, पोशाख बदलला तरी उभे राहण्याची ढब बदलत नाही.

म्हणजे हार्डींनी केलेले दोन भाग पुरत नाहीत. संख्येच्या मूल्याचे गुण एका बाजूला आणि दहाच्या लिपीचे योगायोग दुसऱ्या बाजूला, यांच्या मध्ये तिसरी जात आहे. हे गुण लिपीत दिसतात, पण प्रत्येक लिपीत दिसतात. कापरेकरांच्या कामाचे मोल ठरवायचे, तर त्यातले किती या तिसऱ्या जातीत पडते हे पाहिले पाहिजे.

कापरेकरांनीच ‘हर्षद’ संख्या सांगितल्या. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, ती हर्षद. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. ते उघडच आहे, कारण मांडणीत एकूण नऊ नवे एक्याऐंशी एके होते. ८१ ने भाग जातो काय? जातो : भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणजे संख्या हर्षद ठरली. तक्त्यावरच्या नऊ ओळींपैकी किती हर्षद आहेत, हे वर्गात तपासून घ्यावे. पहिली, तिसरी आणि नववी, एवढ्याच. १२१ ला ४ ने भाग जात नाही आणि सातव्या ओळीला ४९ ने जात नाही. मग नववीला का जातो? नऊ एक्यांची बेरीज नऊ, म्हणून १११११११११ ला नवाने भाग जातो, आणि वर्गाला एक्याऐंशीने. आठाच्या पद्धतीत नवाची ही कसोटी साताकडे जाते, आणि तेथली सात एक्यांची शेवटची ओळ त्याच कारणाने हर्षद ठरते. थोडक्यात, हातचा येण्यापूर्वीची शेवटची ओळ कोणत्याही पद्धतीत हर्षदच असणार. हा गुण दहाच्या बोटांवर अवलंबून नाही.

दुसरी कसोटी ‘स्वयंभू’ संख्यांची. कापरेकरांनी एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून पुढची संख्या बनवली : २१ पासून २४, २४ पासून ३०. ज्या संख्येला असा कोणी जनक नाही, ती स्वयंभू. उदाहरणार्थ २० किंवा ३१. या संख्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. आपली सतरा अंकी संख्या स्वयंभू आहे काय? नाही. तिचा जनक १२३४५६७८९८७६५४२४०. याच्याही अंकांची बेरीज ८१, आणि ८१ मिळवले की आपली संख्या हजर. दुसरा जनक तिला नाही, हे आम्ही तपासले आहे.

ही गोष्ट मात्र कोणालाही निव्वळ योगायोग वाटेल. ३२१ मधून ८१ वजा करावेत, २४० उरावेत, आणि ३ + २ + १ व २ + ४ + ० दोन्ही सहाच यावेत, याला काय कारण असणार? पण आठाच्या पद्धतीत करून पाहा. तेथे बेरीज सात साते एकोणपन्नास, आणि एकोणपन्नास आठाच्या लिपीत ६१. आता ३२१ वजा ६१. एकं स्थानी शून्य. पुढे दोनातून सहा जात नाहीत, उसना घेतला की दोन आणि आठ दहा, वजा सहा, चार. शेवटी दोन. पुन्हा २४०! बाराच्या पद्धतीतही हेच येते. पाया कोणताही असो, त्याहून एकाने लहान अंकाचा वर्ग लिहिताना आधी ‘पायाहून दोन कमी’ हा अंक येतो आणि मग १ (दहाला ८१, आठाला ६१). तो वजा करताना मधल्या घरात पाया येतो आणि जातो, दोन आणि दोन चार उरतात. पाया ५ किंवा त्याहून मोठा असला, की पुरे. योगायोग म्हणून सोडून द्यावी अशी बाब सूत्र निघाली, आणि त्यासाठी उसने घेऊन वजाबाकी करण्यापलीकडे काही लागले नाही.

याच नजरेने हार्डींच्या उदाहरणांकडे पाहिले तर काय दिसते? १०८९ चा पाढा लिहा : १०८९, २१७८, ३२६७, ४३५६, ५४४५, ६५३४, ७६२३, ८७१२, ९८०१. पहिली उलटली की नववी, दुसरी उलटली की आठवी, तिसरी उलटली की सातवी. उलटे रूप मूळ रूपाच्या पटीत यायचे, तर ९ ला १ ने किंवा ८ ला २ ने भाग जावा तसा भाग गेला पाहिजे. ७ ला ३ ने आणि ६ ला ४ ने जात नाही. दहाचे पाचाहून लहान विभाजक १ आणि २, तेवढ्याच हार्डींच्या संख्या! बाराच्या पद्धतीत हाच पाढा (तेथे १०८९ च्या जागी १, ०, दहा, अकरा हे अंक) लिहिला, तर १, २, ३, ४ हे चारही विभाजक कामी येतात आणि तशा चार संख्या मिळतात. हार्डींचा निकष आम्हाला मान्य आहे. ज्यातून पुढे काही निघत नाही, ते गौण. मात्र त्यांनी दाखल्याला घेतलेल्या या दोन संख्यांतून पुढे बरेच निघते. १५३ च्या बाबतीत त्यांचे म्हणणे आम्ही तसेच ठेवतो.

आता कापरेकरांकडे. त्यांच्या भक्तांना आवडणार नाही असे थोडे लिहिणे भाग आहे. डेम्लो संख्येची त्यांची व्याख्या तीन भागांची आहे. मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा, आणि डाव्या व उजव्या भागांच्या बेरजेतही तोच अंक. १६५ मध्ये १ + ५ = ६. २५५३ मध्ये २ + ३ = ५. आपल्या संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्ये ९. व्याख्या देखणी आहे, पण ती रूप सांगते, कारण सांगत नाही. १६५ = १५ × ११, २५५३ = २३ × १११, ४७७७३ = ४३ × ११११ असे लिहिले, की सगळा प्रकार उलगडतो. कोणत्याही संख्येला एक्यांच्या माळेने गुणले, की मधल्या स्तंभांत तिचे सगळे अंक एकत्र येतात, कडेला थोडे थोडे उरतात. ‘हातचा न येता एक्यांच्या माळेने गुणलेली संख्या’ असे सुरुवातीलाच म्हटले असते, तर विद्यार्थ्याच्या हाती यंत्र आले असते. कापरेकरांच्या लिखाणात निरीक्षण पुढे असते आणि सिद्धता मागे. शाळामास्तराकडे ग्रंथालय नाही, सहकारी नाही, पुस्तिका पदरच्या पैशांनी छापायच्या, हे सगळे खरे. तरी दोष तो दोष. त्यांच्या ६१७४ चा ‘हे किती अंकांना, कोणत्या पायाला घडते?’ असा प्रश्न करून हेल्मुट हासे या थोर जर्मन गणितज्ञाने प्रिचेट यांच्यासह १९७८ मध्ये चार अंकी स्थिरांकांचा निकाल लावला, आणि तो जर्मनीतल्या क्रेले यांनी सुरू केलेल्या जुन्या, मातबर नियतकालिकात छापला गेला. प्रश्न देवळालीचा आणि उत्तर बाहेरून आले, याची रुखरुख आम्हाला वाटते.

नावीन्याबद्दलही एक नोंद हवी. गंगापूरला लागून असलेल्या खुलताबाद तालुक्यात वेरूळ आहे. तेथले कैलास लेणे ज्या राष्ट्रकूटांनी खोदवले, त्यांच्याच कुळातल्या अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात गळ्यातल्या माळेसारखी उत्तरे येणारे गुणाकार दिले आहेत. त्यांपैकी एक २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१. हा तक्त्यावरच्या सहाव्या ओळीचाच मनोरा! ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ × ५२९१ = ११११११. आचार्यांनी वर्गाचे अवयव सोडवून शिष्यापुढे कोडे टाकले होते, असे आम्हाला दिसते. डोंबिवलीच्या फलाटावर सुचले ते त्यांच्या अकराशे वर्षांपूर्वीच्या पोथीत बीजरूपाने होते. यात कापरेकरांचे काही कमी होत नाही.

मूल्याच्या गुणांबद्दल थोडक्यात सांगतो. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. त्यामुळे आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येते. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पंचेचाळीस ही विषम संख्या आहे, आणि पूर्ण वर्गाचे विभाजक विषमच असतात. हे गुण आठाच्या लिपीतही तसेच राहतात, कारण ते लिपीचे नाहीतच.

यंत्रावर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. हा गुणाकार अनेक संगणकी भाषांत साधेपणाने केला, तर उत्तर १२३४५६७८९८७६५४३२० येते. शेवटचा १ गेलेला असतो. त्या भाषा संख्या ५३ द्विमान अंकांत साठवतात. २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२, आणि त्याच्यापलीकडच्या विषम संख्या त्यात बसत नाहीत. हिशेबाच्या तक्त्याचा कार्यक्रम पंधराच अंक धरतो, म्हणून तेथे शेवटी ३०० दिसते. आणि आठ सार्थ अंक दाखवणारा गणकयंत्राचा पडदा १.२३४५६७९ दाखवतो, त्यात ८ गायब! ज्यांना १२३४५६७९ × ९ = १११११११११ ठाऊक आहे, त्यांना येथे गूढ संबंध दिसू लागेल. तो नाही. पडद्यावरचा ८ पुढच्या ९ मुळे पूर्णांकनात वर ढकलला गेला. १२३४५६७९ मधला ८ का गेला, त्याचे कारण वेगळे आहे, आणि ते त्या मुलीच्या दहाव्या ओळीत आहे.

दहा एक्यांचा वर्ग मांडा. मधल्या स्तंभात दहा आले, म्हणजे शून्य लिहून हातचा एक. तो डावीकडच्या नवात मिळाला, तेथे दहा, पुन्हा शून्य आणि हातचा एक. तो आठात मिळाला, तेथे नऊ, आणि थांबला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. मनोरा डाव्या बाजूने खचला, उजवी बाजू शाबूत. अंकांची बेरीज शंभर हवी होती, आली ८२; प्रत्येक हातच्यामागे नऊ कमी होतात आणि हातचे दोन आले. अकरावी ओळ १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. येथे हातचे चार, बेरीज १२१ वजा ३६ म्हणजे ८५. बारावी १२३४५६७९०१२३२०९८७६५४३२१.

डावीकडचे अंक वाचा : १२३४५६७९०१२३. आता १ ला ८१ ने भागा. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… येतात. दहा एक्यांची माळ म्हणजे दहा नवांच्या माळेला ९ ने भागून आलेली संख्या, म्हणून तिचा वर्ग नवांच्या माळेच्या वर्गाचा एक्याऐंशीवा भाग. आणि नवांची माळ जितकी लांब, तितकी ती दहाच्या घाताजवळ जाते. ओळी वाढवत नेल्या, की डावीकडून १/८१ चा विस्तार उलगडत जातो, आठाविना.